एकमेकांचे पाय : एका ख्रिस्ती विधीची कुळकथा

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सेत, कॅथलिक धर्मगुरू अंगावरचा उपासनेचा झगा उतरवतो, कमरेला टॉवेल बांधतो आणि बहुधा बारा जणांचे पाय धुतो. नम्रतेचा धडा म्हणून या विधीची ओळख करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण अर्धी आहे. या विधीचे कूळ शोधत मागे गेले की त्याच्या मुळाशी एक नव्हे, दोन सद्गुण सापडतात. एक नम्रता आणि दुसरा निष्ठेची मैत्री. मुळात हे दोन्ही एकाच रात्री, एकाच बैठकीत, एकाच्याच तोंडून सांगितले गेले. पुढच्या शतकांत कधी ते एकत्र राहिले, तर कधी त्यांची फारकत झाली. फारकत झाली तेव्हा नम्रतेचा मानभावीपणा झाला, असे हा इतिहास सांगतो.

पाय धुणे ही ख्रिस्ती धर्माने शोधलेली गोष्ट नव्हे. उघड्या वहाणा आणि धुळीच्या वाटा असलेल्या पश्चिम आशियात ती रोजची गरज होती. आणि गरजेच्या कामाला समाज जशी पायरी ठरवून देतो, तशी याही कामाला ठरलेली होती. बायबलच्या उत्पत्ती ग्रंथात अब्राहाम दारी आलेल्या पाहुण्यांना पाय धुण्यासाठी पाणी देऊ करतो. धुवायचे मात्र पाहुण्यांनी आपले आपण. दावीदाकडून लग्नाची मागणी आली तेव्हा अबीगईल म्हणते की, आपण धन्याच्या सेवकांचे पाय धुणारी दासी होऊ. नम्रपणा दाखवायला याहून खालचे काम तिला सुचत नाही. ‘मेखिल्ता’ या यहुदी भाष्यग्रंथात तर हिब्रू गुलामाला धन्याचे पाय धुवायला लावू नये असा दंडक आहे. म्हणजे हे काम गुलामांतही सरसकट सर्वांचे मानले जात नव्हते. ग्रीकांच्या ‘ओडिसी’त वेषांतर करून घरी परतलेल्या ओडिसियसचे पाय धुते ती म्हातारी दाई, आणि पायावरच्या व्रणावरून त्याला ओळखते. पाणी कुठलेही असो, हात खालच्या माणसाचे आणि पाय वरच्या माणसाचे, हा क्रम कायम होता.

मैत्रीपोटी कोणी हा क्रम मोडलाच नव्हता का? प्लुटार्कने लिहिलेल्या रोमन सेनापती पॉम्पीच्या चरित्रात एक प्रसंग आहे. इसवी सनापूर्वी 48 साली फार्सालसच्या लढाईत हरलेला पॉम्पी जहाजातून पळत असतो. सोबत नोकर नाहीत म्हणून तो स्वतःच्या हाताने वहाणा काढू लागतो. ते पाहून फेव्होनियस हा त्याचा खानदानी सोबती धावतो, त्याच्या वहाणा काढतो, आणि त्यानंतर पाय धुण्यापर्यंत सारी सेवा गुलामासारखी करतो. ख्रिस्ताच्या जन्मापूर्वीची ही निष्ठा अस्सल आहे, आणि ‘हे सगळे ख्रिस्ती धर्मानेच आणले’ असा दावा करणाऱ्याने ती लपवू नये. मात्र तिची दिशा पाहावी. पॉम्पी हरला तरी मोठाच आहे. सेवा खालून वर जाते. मराठी वाचकाला इथे कृष्ण-सुदामा आठवेल, आणि भागवताच्या दशम स्कंधातली ती कथा या आक्षेपाला अधिक बळ देते. द्वारकेचा राजा दरिद्री बालमित्राचे पाय धुतो. तिथे सेवा वरून खाली येते आणि मैत्रीही उघड आहे. फरक एवढाच उरतो की सुदामा हा ब्राह्मण अतिथीही आहे, त्याची पाद्यपूजा धर्माला धरूनच होते; आणि त्या कथेतून इतरांनी परस्परांशी असे वागावे अशी आज्ञा निघत नाही. ती आज्ञा निघते ती योहानाच्या शुभवर्तमानात.

येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग चार शुभवर्तमानांपैकी फक्त योहानाने सांगितला आहे. बाकीचे तिघे शेवटच्या भोजनाच्या प्रसंगी भाकर आणि द्राक्षारस यांचा संस्कार सांगतात. योहान तो सांगत नाही, त्या जागी घंगाळ ठेवतो. येशू जेवणावरून उठतो, बाह्यवस्त्र काढतो, पंचा गुंडाळतो, शिष्यांचे पाय धुऊन पुसतो, आणि पुन्हा बसल्यावर सांगतो की गुरू असून मी हे केले, तर तुम्हीही एकमेकांचे पाय धुतले पाहिजेत. ही हकिकत तेराव्या अध्यायात आहे. उपदेश तिथे थांबत नाही. त्याच रात्रीचे बोलणे पंधराव्या अध्यायात चालू असते, आणि तिथे तो शिष्यांना सांगतो की, यापुढे मी तुम्हाला दास म्हणणार नाही, मित्र म्हणतो. कारणही देतो. धनी काय करतो हे दासाला ठाऊक नसते. मी मात्र पित्याकडून ऐकलेले सारे तुम्हाला सांगितले आहे. हे दोन अध्याय वेगवेगळे वाचण्याची सवय झाल्यामुळे त्यांचा सांधा नजरेतून सुटतो. आधी तो दासाचे काम स्वतःकडे घेतो आणि मग दास हे नाव त्यांच्यावरून काढून टाकतो. पहिली कृती नसती तर दुसरे वाक्य पोकळ ठरले असते, आणि दुसरे वाक्य नसते तर पहिली कृती मोठ्या माणसाचा चांगुलपणा म्हणून विसरली गेली असती.

यावर खरा आक्षेप ॲरिस्टॉटलचा आहे. मैत्री बरोबरीच्यांत होते. अंतर फार वाढले की ती तुटते, आणि देव व माणूस यांच्यात तर ती संभवतच नाही, असे त्याने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. येशूही त्या रात्री आपले गुरुपण आणि प्रभुपण नाकारत नाही. उलट तुम्ही मला तसे म्हणता ते बरोबरच आहे असे म्हणतो, आणि माझी आज्ञा पाळाल तर तुम्ही माझे मित्र, अशी अटही घालतो. आज्ञेवर टिकलेली मैत्री कसली? पण आज्ञा कोणती आहे ते पाहिले की आक्षेपाची धार जाते. एकमेकांवर प्रीती करा, एकमेकांचे पाय धुवा, ही ती आज्ञा. माझे पाय धुवा असे तो कुठेही म्हणत नाही. वरच्याने केलेल्या सेवेची परतफेड वर जात नाही, ती शेजाऱ्याकडे वळते. पायरी राहते, पायरीबरोबर येणारा हक्क तेवढा काढून घेतला जातो.

निष्ठेची कसोटीही याच प्रसंगात आहे. पाय धुऊन घेणाऱ्यांत यहूदा इस्कर्योत होता. तो विश्वासघात करणार हे ठाऊक असूनही त्याला वगळलेले नाही, तो बाहेर पडतो तो नंतर. पेत्रालाही वगळलेले नाही, आणि पहाट होण्याआधी तो येशूला तीनदा नाकारणार हेही त्याच बैठकीत सांगितले जाते. म्हणजे इथली निष्ठा समोरच्याच्या निष्ठेवर अवलंबून नाही. पेत्र आधी पाय धुऊ द्यायला नकार देतो, तेव्हा त्याला बजावले जाते की मग तुझा माझ्याशी वाटा नाही. सेवा करण्यापेक्षा सेवा घेणे अनेकांना जड जाते, कारण करणारा उपकारकर्ता राहतो आणि घेणाऱ्याला आपली गरज कबूल करावी लागते. नम्रतेची ही दुसरी बाजू पुढच्या इतिहासात सर्वांत आधी हरवली.

पहिल्या पिढ्यांत पाय धुणे हा विधी नव्हता, कामच होते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या यादीत घ्यायच्या साठीपुढच्या विधवेची पात्रता सांगताना तिने पवित्र जनांचे पाय धुतलेले असावेत अशी अट आहे. पुढे हे काम बाप्तिस्म्याला जोडले गेले आणि वाद सुरू झाले. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एल्विराच्या धर्मसभेने बाप्तिस्मा घेणाऱ्यांचे पाय धर्मगुरूंनी धुऊ नयेत असा नियम केला. मिलानमध्ये मात्र बिशप ॲम्ब्रोझ ते धूत असे. रोममध्ये ही रीत नाही हे त्याला माहीत होते. हे तर नुसते आदरातिथ्य, असे म्हणणाऱ्यांना त्याने उत्तर दिले की नम्रता वेगळी आणि पावन होणे वेगळे. 694 साली टोलेडोच्या धर्मसभेने पवित्र गुरुवारी हा विधी झालाच पाहिजे असे ठरवले. आज्ञेचे वेळापत्रक झाले.

सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत मात्र मूळचा सांधा जिवंत आहे. तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत, पण तिची खरी परीक्षा पस्तिसाव्या प्रकरणात, स्वयंपाकघरात होते. मठवासी आळीपाळीने आठवडाभर रांधतात-वाढतात, आणि शनिवारी ज्याची पाळी संपते तो व ज्याची सुरू होते तो, असे दोघे मिळून सर्वांचे पाय धुतात. आज जो धुतो त्याचे पाय पुढे दुसरा कोणी धुणारच, ही व्यवस्था त्या नियमातच आहे. याच नियमाखाली वाढलेल्या यॉर्कशरमधल्या रिव्हॉ मठाचा अधिपती एल्रेड याने बाराव्या शतकात आध्यात्मिक मैत्रीवर संवादरूप ग्रंथ लिहिला, हा मला योगायोग वाटत नाही. मैत्री निवडक असते आणि ख्रिस्ती प्रीती सर्वांसाठी, म्हणून मैत्री हा ख्रिस्ती सद्गुणच नव्हे, असे 1847 साली तत्त्वज्ञ किर्केगार्डने मांडले. त्यात तथ्य आहे. पण एका घंगाळाभोवती मोजकीच माणसे बसतात. तिथे कोणाचाही पाय धुवायला जो शिकला नाही, तो सगळ्या जगावर प्रेम करतो यावर विश्वास कसा ठेवायचा?

राजवाड्यांत हा विधी शिरला तेव्हा फारकत पुरी झाली. इंग्लंडच्या जॉन राजाने 1213 साली रॉचेस्टरला तेरा गरिबांना प्रत्येकी तेरा पेन्स दिल्याची नोंद आहे. चौथ्या हेन्रीपासून गरिबांची संख्या राजाच्या वयाइतकी ठेवण्याची रीत पडली. म्हणजे विधीचे माप घेणाऱ्याच्या गरजेवरून नव्हे, देणाऱ्याच्या वयावरून ठरू लागले. पहिल्या एलिझाबेथच्या दरबारात राणीपर्यंत पोचण्याआधी ते पाय धुलाईखात्याच्या माणसांनी आणि दानाधिकाऱ्यांनी मिळून तीनदा धुतलेले असत. व्हिएन्नात सम्राट फ्रान्झ जोसेफ दरवर्षी बारा वृद्धांचे पाय दरबारी थाटात धूत असे. इंग्लंडात पुढे धुणे थांबले आणि नाणी उरली. 2023 साली तिसऱ्या चार्ल्सने यॉर्कमध्ये 74 पुरुष आणि 74 स्त्रियांना ती दिली, तेव्हाही अधिकाऱ्यांच्या अंगावर टॉवेल होतेच. या गरिबांना कपडे, अन्न, पैसे मिळत, ही गोष्ट क्षुल्लक नाही, आणि वर्षातून एकदा का होईना राजाला वाकावे लागे, असे कोणी म्हणेल. पण त्यांतल्या कोणालाही राजाने मित्र म्हटले नाही, काही सांगितले नाही, काही विचारले नाही. वाकण्याने राजाचे मोठेपण वाढलेच. मैत्रीवाचून नम्रता म्हणजे उंचीचे प्रदर्शन.

या फारकतीची दुरुस्ती युरोपच्या कडेला, छळ सोसणाऱ्या लहान पंथांनी केली. 1632 च्या डॉर्ड्रेख्ट कबुलीजबाबात मेनोनाइटांनी पाय धुण्याला स्वतंत्र कलम दिले. 1708 साली जर्मनीतल्या श्वार्त्सेनाऊला ॲलेक्झांडर माक याच्यासोबत सुरू झालेल्या ब्रेदरन पंथात पाय धुणे, एकत्र जेवण आणि भाकर-प्याला हे तिन्ही मिळून एकच प्रीतिभोजन होते. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ प्रभुभोजनाआधी ‘नम्रतेचा विधी’ करतो.  या पंथांत सभासद जोडीने बसतात आणि प्रत्येक जण धुतो व धुऊनही घेतो. दोन्ही भूमिका एकाच माणसाला कराव्या लागतात, त्यामुळे उपकाराला जागाच राहत नाही.

कॅथलिक विधीतही बदल झाला. 1955 च्या सुधारणेने तो संध्याकाळच्या मिस्सेत आणला, पण बारा पुरुषांपुरता ठेवला. 2013 साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या कारागृहात बारा तरुणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. 2016 साली नियम बदलून स्त्रियांना वाट मोकळी केली गेली. बारा प्रेषितांच्या जागी स्त्रिया कशा, हा आक्षेप प्रामाणिक होता, पण तो विधीला नाटक मानतो. भूमिकेला साजेसे पात्र निवडणे हे नाटकाचे काम. समोर बसलेल्या माणसाला आपला म्हणणे हे या विधीचे. तरीही कसोटी पोपलाही चुकत नाही, कारण तिथेही धुणे एकतर्फीच राहिले.

म्हणून या विधीकडे पाहताना, कोण किती खाली वाकला हे मोजण्यात अर्थ नाही. उद्या याचे पाय कोण धुणार, आणि तो धुऊ देईल का, हे विचारावे. ज्या मंडळीत, मठात किंवा घरात या प्रश्नाला उत्तर आहे, तिथे विधी जिवंत आहे. जिथे नाही, तिथे घंगाळ आणि टॉवेल आहेत, पण त्या रात्रीची आज्ञा पाळलेली नाही.