करंडक मिळाल्यानंतर

आमच्या बिरसीत पोरं एक सामना जिंकली की दुसऱ्या दिवशी सरावाला निम्मीच येतात. मग मी त्यांना विदर्भाची गोष्ट सांगतो.

रणजीत आपण वर्षानुवर्षे लिंबूटिंबू. १ जानेवारी २०१८ला इंदूरमध्ये फैज फजलच्या संघाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा करंडक आणला. त्यानंतर संघ जरा सैल पडला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. पण मार्चमध्ये इराणी करंडकात वसीम जाफरने शेष भारताविरुद्ध २८६ धावा काढल्या, वयाच्या चाळिशीत. पुढच्या रणजी मोसमात आणखी १०३७. मुंबईकडून सगळं मिळवून झालेला माणूस हा! प्रशिक्षक चंद्रकांत पंडित शिस्तीचे कडक, पण नुसत्या धाकाने एवढ्या धावा होत नाहीत.

मला जास्त भावतो तो फेब्रुवारी २०१९चा जामठ्याचा अंतिम सामना. विदर्भ ३१२, सौराष्ट्र ३०७. आघाडी फक्त पाच धावांची, पण सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक आपलाच होता. दुसऱ्या डावात आपण २०० वर आटोपलो. सौराष्ट्राला हव्या होत्या २०६, आणि समोर चेतेश्वर पुजारा. आदित्य सरवटेने त्याला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली, सामन्यात ११ बळी घेतले. सौराष्ट्र १२७ वर संपलं.

इथवर आलो की कोणीतरी विचारतंच, "सर, अनिर्णित चाललं असतं तर मग कशाला एवढं?"

मी म्हणतो, "उद्या सकाळी मैदानावर ये, तिथे बोलू."