कॅथरीनबाईंचं खातं

वंशावळ काढायला दोन गोष्टी लागतात: हाताशी रिकामा वेळ आणि वाटणीला आलेलं घर. माझ्यापाशी दोन्ही नाहीत. वेळ बँक खाते आणि घर भाड्याचं आहे. तरीही आमच्या घराण्याची एक वंशावळ ट्रंकेत पडून आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीवरून पणजोबांनी उतरवून आणलेली. आठ पिढ्या आहेत आणि आठही पिढ्यांत झाडून सगळे पुरुष. नवख्या माणसाला वाटावं, या घराण्यात दोनशे वर्षं बापांच्याच पोटी मुलगे जन्माला येत होते. आजीचं माहेरचं आडनाव काय, यावर आमच्याकडे आजही दोन तट आहेत आणि दिवाळीला ते एकमेकांना फराळ पाठवत नाहीत.

अशा माणसाच्या हाती तीनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज बाईची हकिकत पडली, आणि तीत तिचं माहेर, पहिलं सासर, दुसरं सासर आणि तिसरं सासर असं सगळं सालवार निघालं, तर त्याने काय करावं? मी तर तिची आमच्या पद्धतीने फाइलच उघडली. खातेदाराचं नाव: कॅथरीन कुक.

नागपूरकराने दर्यावरच्या भानगडीत का पडावं, असं कोणी विचारील. आमचा समुद्राशी संबंध फुटाळ्याच्या तलावापुरता. पण इतिहासात उसने-पासने व्यवहार फार असतात. कॅथरीनचं माहेर कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममधलं. आणि पुढे १७४२ साली याच कलकत्तेकरांनी आमच्या रघूजी भोसल्यांच्या फौजेच्या धास्तीने गावाभोवती खंदक खणायला घेतला, त्याला नावच मुळी ‘मराठा डिच’ पडलं. म्हणजे ही बाई लांबून का होईना, आमच्या ओळखीतली.

तिचे वडील कॅप्टन जेरार्ड कुक. फोर्ट विल्यममध्ये कंपनीचे तोफखान्याचे गनर म्हणून त्यांनी पुष्कळ वर्षं काढली. मग रजेवर विलायतेला गेले आणि १७०९ साली बढती मिळून इंजिनिअर म्हणून बायकामुलांसह परत निघाले. जहाजाचं नाव ‘लॉयल ब्लिस’. नाव चांगलं होतं, पण उलट्या वाऱ्यापुढे जहाजाचं काही चालत नसे. बंगालचा मोसम चुकला आणि ऑक्टोबरात ते कारवारच्या बंदराला लागलं. (आमचं नागपूर त्या वेळी जेमतेम सात वर्षांचं होतं. गोंड राजा बख्त बुलंद शहाने बारा वाड्या एकत्र करून नुकतंच वसवलेलं.)

कारवारला कंपनीची मिरीची कोठी होती. कोठीचा मुख्य जॉन हार्वे. वयाने उतारावर, अंगाने बेढब, आणि खिशाने भक्कम. कुकांची थोरली मुलगी बरोबर होती. देखणी होती असं त्या काळच्या लिखाणात आहे, आणि वय तेरा-चौदा होतं असंही त्याच लिखाणात आहे. हार्वेने मागणी घातली. पोरीच्या नावे भरघोस रक्कम करून देतो म्हणाला. आईबापांनी विचार केला आणि जहाज बंगालकडे निघालं तेव्हा एक उतारू कमी होता.

इथे आपल्याला नाक मुरडायला जागा नाही. आमच्या पणजीचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं आणि तिला कोणी रक्कमही करून दिली नव्हती. पण हिशेबनीस म्हणून मला एवढंच दिसतं, की कॅथरीनचं खातं ज्या दिवशी उघडलं त्या दिवशी सही तिची नव्हती.

त्या काळी कंपनीच्या दप्तरात बाईमाणूस म्हणजे मालाचाच एक प्रकार होता. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६८ साली मुंबई बेट कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकलं. भाडं हे एवढंच. नागपुरात आता तेवढ्यात स्कूटरसुद्धा ठेवू देत नाहीत. मग शिपायांना बायका हव्यात म्हणून कंपनीने विलायतेहून मुली जहाजात घालून पाठवल्या. एक कपड्यांचा जोड आणि वर्षभराचं अन्न. तेवढ्यात नवरा मिळवायचा. ज्यांना मिळाला नाही आणि ज्यांची चालचलणूक साहेबांच्या मनास आली नाही, त्यांना पाव-पाण्यावर कोंडून ठेवण्याचे आणि परत रवाना करण्याचे हुकूम आहेत. ‘माल नापसंत, परत’ असा शेरा मारायची सोय कंपनीने पहिल्यापासून ठेवली होती.

हार्वेने १७११ साली कारवारची कोठी सोडली आणि विलायतेला जायचं म्हणून बायकोसह मुंबई गाठली. पण हिशेब पुरे झालेले नव्हते. कोठीवाल्यांचे हिशेब कधीच पुरे होत नसत, त्याचं कारण साधं आहे. कंपनीत नव्याने लागलेल्या रायटरला, म्हणजे आमच्या थेट पूर्वजाला, वर्षाचे ५ पौंड मिळत. त्यावरच्या फॅक्टरला १५. एवढ्या पगारात माणूस समुद्र ओलांडून मरायला येत नाही. तो खाजगी व्यापार करायला येतो. एका वखारीत कंपनीची मिरी आणि साहेबाची मिरी शेजारी शेजारी, आणि दोघांची वहीही कित्येकदा एकच. साहेब जिवंत असेतो कोणतं पोतं कोणाचं हे त्याला ठाऊक असे. तो गेला की कोणालाच ठाऊक नसे. हार्वे हिशेब मिटवायला कारवारला परतला आणि काही महिन्यांत तिथेच वारला. बाई पंधरा-सोळाव्या वर्षी विधवा आणि नवऱ्याच्या जमाखर्चाची वारस.

काउंटरच्या आतून मी पुष्कळ विधवा पाहिल्या आहेत. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि नवऱ्याचं पासबुक. “यांनी मला कधी काही सांगितलं नाही हो,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते अर्जाच्या नमुन्यातच छापून घ्यावं. कॅथरीनलाही कोणी काही सांगितलं नसणार. तिने कौन्सिलपुढे इस्टेटीवर हक्क सांगितला. दरम्यान टॉमस चाऊन नावाचा तरुण फॅक्टर भेटला आणि दुसरं लग्न झालं. मृत्यूच्या दाखल्यावरची शाई वाळायच्या आत लग्न, असं कोणी म्हणेल. पण परमुलखात, आईबाप हजार मैलांवर, इस्टेट कंपनीच्या कुलपात आणि वय सोळा. तिच्याजागी तुम्ही काय केलं असतं?

चाऊनची नेमणूक कारवारला झाली. १७१२ च्या नोव्हेंबरात नवराबायको मुंबईहून ‘अ‍ॅन’ नावाच्या छोट्या जहाजातून निघाले. सोबतीला गव्हर्नर एस्लाबींची सशस्त्र नौका होती. दुसऱ्याच दिवशी कान्होजी आंग्र्यांची चार जहाजं आडवी आली.

इंग्रजी पुस्तकांत कान्होजी ‘पायरेट’ असतात आणि आपल्या पुस्तकांत सरखेल. मी दोन्ही वाचली आहेत. कान्होजींचं म्हणणं असं, की या किनाऱ्यावरून जायचं तर आमचा दस्तक घ्या आणि त्याचे पैसे भरा. इंग्रजांचं म्हणणं असं, की पैसे घेऊन परवाना द्यायचा अधिकार जगात फक्त इंग्रजांना आहे. मुद्दा पार्किंगच्या पावतीचा होता. तोफा दोन्हीकडे होत्या, एवढाच फरक. त्या झटापटीत गोळ्याने चाऊनचा हात उडाला आणि रक्तस्राव होऊन तो बायकोच्या डोळ्यांदेखत गेला. दोन्ही जहाजं पकडली गेली. सतरा वर्षांच्या आतबाहेरची कॅथरीन दुसऱ्यांदा विधवा झाली, ती पोटात मूल घेऊन कुलाब्याच्या किल्ल्यात पोचली. अलिबागला ओहोटीच्या वेळी पायी जाऊन आपण ज्याचे फोटो काढतो तोच हा किल्ला.

१७१३ च्या फेब्रुवारीत मुंबईहून लेफ्टनंट मॅकिंटॉश रुपये घेऊन कुलाब्याला गेला. कॅथरीन आणि इतर इंग्रज कैदी यांच्यासाठी ३०,००० रुपये. तिच्या हालांची वर्णनं इंग्रजांनी लिहून ठेवली आहेत. ती लिहिणारे आंग्र्यांकडून मार खाल्लेले होते हे ध्यानात ठेवून वाचावीत, आणि त्याच वेळी किल्ल्यात चार महिने कोंडलेल्या गरोदर पोरीला ते घर वाटलं नसणार हेही ध्यानात ठेवावं. मला मात्र दुसराच प्रश्न छळतो. मुंबईच्या त्या रायटरने हे तीस हजार किर्दीत कुठे टाकले असतील? ‘प्रवासभत्ता’? ‘जहाजदुरुस्ती’? आमच्याकडे असल्या रकमांसाठी सस्पेन्स अकाउंट असतं. बी. कॉम.ला शिकवतात, की प्रत्येक नावेला कुठे तरी जमा असते. इथे जमा कान्होजींकडे होती आणि त्यांचा ऑडिट वेगळा होता.

हे सगळं मी जेवणाच्या सुट्टीत सांगत होतो. आमच्या कॅशियरसाहेबांनी डबा बाजूला सारला.

“अरे बाप्पा! दोन नवरे गेले. मंग पैसे भेटले का तिला?”

माणसाला इतिहासाची गोडी लागते ती अशी. भेटले, थोडे भेटले. हात रिकामे म्हणून कौन्सिलने तिला हजार रुपये दिले. आणि त्याच वर्षी, मुलगा झाल्यावर, तिने तिसरं लग्न केलं. नवरा विल्यम गिफर्ड, कंपनीचाच नोकर. मुंबईत तेव्हा धड चर्चसुद्धा नव्हतं. सेंट टॉमसचं चर्च उघडलं ते १७१८ च्या नाताळात. पण नोंदवही होती. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांची सुरुवात १७०९ पासून आहे. नेमकी ती कारवारला उतरली त्या सालापासून. बंगालच्या नकला १७१३ पासून, मद्रासच्या १६९८ पासून. आज विलायतेतले लोक आपल्या पणजोबांच्या पणज्या शोधायला तिथे जाऊन बसतात. मुलीचं नाव असतं, बापाचं असतं, नवऱ्याचं असतं. भक्तीपेक्षा यात वारसाहक्काची काळजी जास्त होती असा माझा पेशाने झालेला समज आहे. त्र्यंबकच्या उपाध्यायांना दक्षिणा यजमानाकडून मिळे, म्हणून त्यांनी यजमान लिहिले. कंपनीला दावे यायचे ते विधवांकडून.

गिफर्डला १७१५ मध्ये अंजेंगोला पाठवलं. हे केरळच्या किनाऱ्यावरचं ठाणं, पुन्हा मिरीचं. गिफर्डने मिरीच्या व्यवहारात तिथल्या लोकांना फसवलं, त्यांना उर्मटपणे वागवलं, आणि १५ एप्रिल १७२१ ला अट्टिंगलच्या राणीला नजराणा द्यायला म्हणून सगळा लवाजमा घेऊन वाजतगाजत निघाला. सुमारे १४० माणसं होती. लोकांनी त्यांना अट्टिंगललाच कापून काढलं. मागे अंजेंगोचा किल्ला इन्स नावाच्या तोफचीने मूठभर लोकांनिशी सहा महिने लढवला. आणि किल्ल्यातल्या इंग्रज बायका होडीने जहाज गाठून मद्रासला गेल्या. त्यांत कॅथरीन होती. वय पंचवीस, वैधव्य तिसरं.

पण या खेपेला एक फरक होता. जाताना तिने कोठीची कागदपत्रं आणि हाताला लागली ती रोकड बरोबर नेली असं सांगतात. बारा वर्षांत बाई पुष्कळ शिकली होती. नवरा गेल्यावर वही ज्याच्या हातात, त्याचं ऐकलं जातं, हे हार्वेच्या वेळी तिला कळलं असणार. इंग्रज लेखक या ठिकाणी तिच्यावर जरा नाराज होतात. कर्नल बिडल्फ यांनी १९०७ साली ‘पायरेट्स ऑफ मलबार’ या पुस्तकाला जोडून तिची हकिकत छापली, म्हणून तर आपल्याला ती ठाऊक. पण पुरुष इतिहासकाराला आपली नायिका कैदेत असते तेव्हा जितकी आवडते तितकी ती तिजोरीची किल्ली घेऊन निघाली की आवडत नाही.

मद्रासहून ती कलकत्त्याला माहेरी आली. मागोमाग कंपनीची पत्रं आली: गिफर्डकडे आमचं येणं आहे, हिशेब दिल्याशिवाय बाईंना हिंदुस्थान सोडू देऊ नये. एवढ्यात तिथे कमोडोर टॉमस मॅथ्यूज आला. चाचेगिरी मोडायला राजाने ज्याला आरमार देऊन धाडलं होतं तो हा. १७२१ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांना बरोबर घेऊन त्याने कुलाब्यावर हल्ला केला होता आणि कान्होजींकडून सपशेल हात हलवत परतला होता. ज्या किल्ल्यात ही बाई चार महिने राहून आली, त्यात याला पाऊल टाकायला मिळालं नव्हतं. दोघांना बोलायला विषय चांगला असणार. मॅथ्यूजचं कंपनीशी पटत नव्हतं आणि कॅथरीनचं तर नव्हतंच. त्याने तिला आपल्या ‘लायन’ जहाजावर घेतलं, मुंबईला आणलं, आणि कौन्सिल हिशेब मागत असता राजाच्या निशाणाखाली विलायतेला नेलं. १७२४ मध्ये ते पोचले. त्याच डिसेंबरात राजाच्या जहाजांवरून खाजगी व्यापार केल्याबद्दल मॅथ्यूजचा चार महिन्यांचा पगार कापला गेला. पगार कापल्याने काय होणार, हे कंपनीचा पाच पौंडांचा रायटरसुद्धा सांगू शकला असता.

कंपनीने लंडनला कॅथरीनवर दावा लावला. कॅथरीनने उलट दावा लावला, की माझंच कंपनीकडे येणं आहे. कारवारच्या बंदरात जिच्या नावे परस्पर रक्कम लिहिली गेली होती, त्या पोरीने या वेळी आकडे स्वतः मांडले होते.