पन्नास सह्यांचा सभासद

गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या एका शिक्षणसंस्थेची वार्षिक सभा झाली. नोंदवहीत सभासद दोनशेच्या वर. व्यापारी, वकील, डॉक्टर, निवृत्त अधिकारी. हजर होतो अकरा. गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब झाली आणि नियमाप्रमाणे त्याच अकरा जणांत पुन्हा भरली. हिशेब मंजूर झाले. मुलींसाठी नववीचा वर्ग काढण्याचा विषय मात्र ‘सर्वांचे मत घेऊन’ ठरवायचा म्हणून पुढे ढकलला. माझ्या आठवीच्या वर्गात चौदा मुली आहेत. त्यांना पुढचे वर्ष पुढे ढकलता येत नाही.

घरी परतताना मला पुण्याची सार्वजनिक सभा आठवली.

त्याआधी मुंबईत १८५२ साली जगन्नाथ शंकरशेट आणि इतर प्रतिष्ठितांनी बॉम्बे असोसिएशन काढली होती. शेटिया मंडळी सोबत होती, पैसा होता, वजन होते. थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज गेला. पण दहा वर्षांच्या आतच संस्था थंडावली. १८६७ मध्ये नौरोजी फर्दुनजींना ती पुन्हा उभी करावी लागली.

पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होते पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींचे. त्यात पुढाकार घेणारे वकील गणेश वासुदेव जोशी पुढे ‘सार्वजनिक काका’ म्हणूनच ओळखले गेले. सभेने एक साधा नियम केला. सभासद व्हायचे तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणायचा. पहिले सभासद ९५ होते आणि त्यांच्या मागे सुमारे सहा हजार लोक होते. हिशेब करून पाहा, ९५ गुणिले ५० म्हणजे ४,७५०. म्हणजे अनेकांनी नियमापेक्षा जास्तच सह्या आणल्या होत्या.

उर्दू शिकवणारी असल्यामुळे मी या शब्दापाशी थांबते. ‘मुख्तार’ म्हणजे निवडलेला, इख्तियार मिळालेला. हा इख्तियार स्वतःचा नसतो, दुसऱ्याने सोपवलेला असतो. पन्नास दारांवर जाऊन सही मागितलेल्या माणसाला सभेहून परतल्यावर त्याच दारांवरून जावे लागते. ‘काय ठरले?’ असे कुणीतरी विचारणारच.

या सभेच्या कामातही ते दिसले. १८७६-७८ च्या दुष्काळात तिने नुसते अर्ज केले नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. न्यायमूर्ती रानड्यांचे मार्गदर्शन होतेच.

नियमाने सगळेच साधते असे नाही. १८९५ मध्ये टिळकांच्या पक्षाने सभेचा ताबा घेतला, आणि रानडे-गोखले यांच्या बाजूने पुढच्या वर्षी डेक्कन सभा काढली. पण भांडण झाले, कारण सभेत असण्याला किंमत होती. रिकाम्या खुर्च्यांसाठी कुणी भांडत नाही.

आमच्या संस्थेत वर्गणी भरली की माणूस सभासद होतो आणि इंतकाल होईपर्यंत राहतो. त्याच्या मागे कुणी नाही, त्यामुळे विचारणाराही कुणी नाही. मीही त्यातलीच एक.

म्हणून पुढच्या सभेआधी मी त्या चौदा घरी जाणार आहे. नियम सांगत नाही, तरी सह्या घेणार आहे.