सातवी बहीण कुठे गेली?



हिवाळ्यात संध्याकाळची कामे आवरून गच्चीवर गेलात, तर पूर्वेकडे चांदण्यांचा एक छोटासा पुंजका दिसेल. आपण त्याला कृत्तिका म्हणतो. कार्तिक महिन्याचे नाव त्यावरूनच पडले आहे. ग्रीक लोकांनी मात्र त्यात सात बहिणी पाहिल्या. ॲटलास आणि प्लीओनी यांच्या या मुली: माया, इलेक्ट्रा, टेजेटी, ॲल्सिओनी, सेलिनो, स्टेरोपी आणि मेरोपी.

या बहिणी ग्रीसमध्ये शेतकऱ्यांना वेळ सांगत. सुमारे २७०० वर्षांपूर्वीच्या हेसिअड कवीने लिहून ठेवले आहे, की पहाटे त्या उगवू लागल्या की कापणी धरावी आणि पहाटे मावळू लागल्या की नांगरणी. पहाटे उगवू लागण्याआधीचे चाळीस दिवस त्या दिसतच नाहीत.

पण एक कोडे होते. नावे सात, आणि डोळ्यांना दिसतात सहाच! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अरेटस कवीनेही हे नोंदवले. मग लोकांनी कारण शोधले. सहा बहिणींचे नाते देवांशी जुळले आणि मेरोपीने मात्र सिसिफस या माणसाशी लग्न केले, म्हणून ती लाजेने तोंड लपवून बसली, असे ठरले. दुसरे कोणी म्हणाले, ती इलेक्ट्रा असावी. ट्रॉय नगरीचा नाश बघवेना म्हणून तिने डोळे झाकून घेतले.

मला हे वाचताना वाईट वाटले. कमी होती आपल्या नजरेत, आणि बोल लागला तो तिला. घराघरांत असेच होते ना? एखादी लेक किंवा सून चारचौघांत दिसेनाशी झाली, की ‘तिचेच काहीतरी चुकले असेल’ म्हणून आपण मोकळ्या होतो.

गॅलिलिओने दुर्बीण लावली आणि १६१० मध्ये या पुंजक्याची आकृती छापली. तिच्यात ३६ तारे होते! १७६७ मध्ये इंग्लंडच्या जॉन मिशेल यांनी गणित मांडले, की इतके तेजस्वी तारे केवळ योगायोगाने असे जवळ दिसण्याची शक्यता पाच लाखांत एक. म्हणजे ते खरोखरच एका कुटुंबाचे आहेत. आज त्यात हजाराहून अधिक तारे माहीत आहेत. आपल्यापासून ते सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहेत.

आणखी एक गंमत सांगते. पुढे खगोलशास्त्रज्ञांनी ही नावे एकेका ताऱ्याला दिली. त्या नकाशाप्रमाणे डोळ्यांना सहज दिसणाऱ्या सहांत मेरोपीही आहे आणि इलेक्ट्राही! सहावा तारा तर त्यांचे वडील ॲटलास. खऱ्या अंधुक आहेत त्या सेलिनो आणि स्टेरोपी.

आज रात्री मुलींना घेऊन गच्चीवर जा. किती दिसतात ते मोजा. आणि कमी भरल्या, तर दोष कुणाला द्यायचा नाही, हेही त्यांना सांगा.