कूळ, कारखाना आणि तैवान

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असे जाहीर झाले, तेव्हा पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत चर्चेला दुसरा विषय नव्हता. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली आणि वादही विरला. या गदारोळात तैवानी कंपनी सर्वांच्या तोंडी होती, तैवानी समाज मात्र कोणाच्याच बोलण्यात नव्हता.

आमच्या एका विद्यार्थिनीने त्या वर्षी प्रकल्पासाठी नेमका हाच विषय निवडला. मुलगी चाकणजवळच्या शेतकरी घरातली. ती चिप आणि गुंतवणूक यांविषयी लिहील, अशी आमची अपेक्षा होती. तिने आरंभ केला तो जमिनीपासून.

तैवानमध्ये १९४९ साली खंडाची कमाल मर्यादा मुख्य पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर आणण्यात आली. १९५३ साली ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व अमलात आले. जमीनदारांची मर्यादेबाहेरची जमीन सरकारने घेऊन कुळांना विकली. मोबदल्याचा ७० टक्के भाग रोख्यांत आणि ३० टक्के भाग सिमेंट, कागद अशा चार सरकारी कंपन्यांच्या समभागांत दिला. जमीन सोडणारा असा कारखान्याचा भागीदार झाला.

आपल्याकडे मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा त्यातला ‘कृषक दिन’. या मुलीच्या पणजोबांचे नाव सातबाऱ्यावर लागले ते याच कायद्यामुळे. त्याआधीच, १९५४ साली, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पुढे कारखान्यांची रांग भोसरी ओलांडून चाकणला पोचली. पणजोबांची बरीचशी जमीन तिच्यात गेली. मोबदला रोख मिळाला. त्यातून घर झाले, आत्याचे लग्न झाले, पैसा संपला. वडील आज कंत्राटी कामगार आहेत. “सर, तिथे जमीनदाराला जे मिळालं, ते इथे कुळाच्या घराला का नाही मिळालं?” हा तिचा प्रश्न.

आम्ही आमच्या परीने आक्षेप घेतले. तैवानातील सुधारणा लष्करी कायद्याच्या छायेत झाली. राज्यकर्ते चीनमधून आलेले. स्थानिक जमीनदारांशी त्यांचे हितसंबंध गुंतलेले नव्हते. १९४७ च्या फेब्रुवारीत उसळलेल्या असंतोषानंतर जे हत्याकांड झाले, त्याची दहशत ताजी होती. विरोध कोण करणार? शिवाय अनेक लहान जमीनदारांनी ते समभाग पडेल भावात विकून टाकले आणि मोजक्या घराण्यांचे फावले. तेव्हा या चित्राला भुलू नये, असे आम्ही तिला बजावले.

तिने हे सर्व आक्षेप निबंधात प्रामाणिकपणे नोंदवले आणि पुढे एक परिच्छेद स्वतःचा जोडला. तैवानात लष्करी कायदा १९८७ साली उठला. त्याच वर्षी आज जगाला चिप पुरवणारी टीएसएमसी स्थापन झाली. लोक कंपनीची तारीख सांगतात, कायद्याची नाही. तिथल्या माणसांना १९४७ विषयी उघडपणे बोलण्यासाठी ४० वर्षे थांबावे लागले. आपल्याला तर बोलण्याची मुभा पहिल्यापासून होती. मग जमीन देणाऱ्याचा कारखान्यात वाटा किती, हे आपण का विचारले नाही?

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही याच परिसरात वीस वर्षे शिकवतो. ग्रामीण साहित्य शिकवताना जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख आम्ही अनेकदा उलगडून दाखवले आहे. पण समोरच्या बाकावर बसलेल्या मुलांना ‘तुमच्या जमिनीचे काय झाले?’ असे कधी विचारले नाही. प्रकल्प गेला म्हणून हळहळणे सोपे आहे. जे प्रकल्प आले, त्यांच्याखाली कोणाची शेते होती आणि त्या घरांतली माणसे आज कोठे आहेत, हा चाकणचा इतिहास अजून लिहायचा आहे. त्याचे पहिले पान या मुलीने तैवानच्या निमित्ताने लिहिले, असे आम्ही मानतो.