आबदारखान्यातील शोरा : विद्राव्यतेचा एक ऐतिहासिक दाखला

तापमान वाढले की पाण्यात बहुतेक क्षार अधिक प्रमाणात विरघळतात, हे शालेय रसायनशास्त्रात शिकविले जाते. या नियमाचा एक बोलका दाखला अकबराच्या आबदारखान्यात, म्हणजे शाही पेयजल विभागात सापडतो.

अबुल फजल (१५५१–१६०२) याने ‘आईन-ए-अकबरी’त पाणी थंड करण्याची कृती मापांसह दिली आहे. धातूच्या सुरईत एक शेर पाणी भरून तोंड बंद करावे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी व अडीच शेर शोरा घालून त्यात ती सुरई सुमारे पाव तास फिरवावी. तोफेच्या दारूत आग भडकविणारा पदार्थ येथे थंडावा देतो, याची नोंदही तो आवर्जून करतो.

फारसीत ‘शोर’ म्हणजे खारट. त्यावरून ‘शोरा’ व मराठीत ‘सोरा’. हा क्षार विरघळताना पाण्यातील उष्णता शोषून घेतो. म्हणूनच त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. १०० ग्रॅम पाण्यात तो ०° सेल्सिअसला सुमारे १३ ग्रॅम, २०° ला ३२ ग्रॅम, ३०° ला ४६ ग्रॅम, तर १००° ला २४० ग्रॅमहून अधिक विरघळतो.

अबुल फजलचे माप म्हणजे शंभरास पन्नास. शोरा विरघळू लागताच पाणी गार होते आणि गार पाण्यात तो कमी मावतो. त्यामुळे काही शोरा तळाशी उरतो व थंडावाही एका मर्यादेवर थांबतो. ढवळल्याने किंवा बारीक कुटल्याने विरघळण्याचा वेग वाढतो. मर्यादा मात्र बदलत नाही.

शोऱ्याचे शुद्धीकरणही याच गुणधर्मावर चाले. खारी माती छिद्रे असलेल्या भांड्यात घालून वरून पाणी ओतीत व खाली गळलेले पाणी उकळीत. मिठाची विद्राव्यता ०° ला सुमारे ३६ ग्रॅम व १००° ला ३९ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ स्थिर. म्हणून पाणी आटताना मीठ आधी खाली बसते. ते काढून द्राव निवविला की शोऱ्याचे स्फटिक जमतात आणि उरलेले मीठ द्रावातच राहते.

१५८६ च्या सुमारास दरबार पंजाबात असताना तेथे बर्फाचा वापर सुरू झाला. पण शोऱ्याचे महत्त्व ओसरले नाही. सतराव्या शतकात डच व इंग्रज कंपन्या बिहारचा शोरा पाटण्याहून युरोपात नेत. उष्णता शोषणे व विद्राव्यता वाढणे यांचा संबंध स्पष्ट करणारे ल शातलिए यांचे तत्त्व १८८४ मध्ये मांडले गेले. तत्पूर्वी कित्येक पिढ्या नोनिया कारागीर त्या संबंधावर उपजीविका करीत होते. ‘आईन’ने थंड पाण्याचे श्रेय बादशहास दिले, ज्यांच्या भट्टीतून शोरा आला, त्यांची नावे मात्र त्या नोंदीत नाहीत. विज्ञानाचा इतिहास लिहिताना ही उणीव ध्यानात ठेवावी लागेल.