नंदीचे पाय आणि लाकडाची रेषा

विदर्भाबाहेरच्या वाचकांस तान्हा पोळा म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. श्रावणी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या लाकडी बैलांचा. नागपूरकर भोसल्यांच्या काळात ही प्रथा पडली, असे सांगतात. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे त्या दिवशी चाके लावलेला नंदी सजवून मुले तो दोरीने ओढीत घरोघर नेतात. घरची मंडळी नंदीची पूजा करून मुलांच्या हातावर बोजारा ठेवतात. सण तर गोड आहेच. पण मला त्यात आणखी एका गोष्टीचे नवल वाटते. तो नंदी आपल्या चार पायांवर उभा कसा राहतो, ह्याचे!

वाचक हसतील. पण एका पातळ फळीवर बैलाची आकृती काढून बारीक करवतीने ती कापून पाहावी. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची जुडी. तंतूंच्या दिशेने ते ताण सोसते. तंतू एकमेकांपासून सुटतील असा ताण आला, की अनेक पटींनी लवकर फाटते. फळीची रेषा बैलाच्या पाठीला समांतर ठेवली, तर धड भक्कम होते, पण बारीक पायांतून रेषा आडवी जाते, आणि पहिल्याच धक्क्याला पाय मोडतो. रेषा पायांना समांतर ठेवली, तर पाय टिकतात; मग शेपूट आणि पुढे आलेले तोंड धोक्यात येते. एका फळीत साऱ्या अवयवांचे समाधान होत नाही. म्हणून जाणता सुतार धड एका लाकडाचे करतो, पाय उभ्या रेषेचे निराळे घडवतो आणि ते भोकांत घट्ट बसवतो. जाळीच्या नक्षीलाही हाच नियम लागू आहे: जो दुवा सर्वांत अरुंद, त्याच्या लांबीने रेषा गेली पाहिजे.

ही जाण आजची नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या 'बृहत्संहिते'त मूर्तीसाठी झाड निवडण्यावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. झाड तोडण्यापूर्वी त्याच्या दिशांच्या आणि वरच्या-खालच्या बाजूच्या खुणा करून ठेवाव्यात, कारण झाड जसे उभे होते तशीच मूर्ती उभी करावयाची, असे तो सांगतो. त्यामागची भावना धार्मिक आहे. पण असे केल्याने मूर्तीत तंतू पायांपासून मस्तकापर्यंत उभेच राहतात, हे कोणत्याही सुताराच्या ध्यानात येईल.

रेषेइतकीच महत्त्वाची लाकडाची जात. गोंदिया हे नावच 'गोंद' म्हणजे झाडाच्या डिंकावरून पडले, असे सांगतात. तेव्हा झाडांची ओळख ह्या गावाला नवी नाही. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या रानांत साग, बीजा, ऐन, धावडा, तिवस, हलदू, शिवण अशी झाडे आहेत. धावडा चिवट, म्हणून तो कुऱ्हाडीच्या दांड्याला. तिवस बैलगाडीला आणि नांगराला. बारीक कापणीच्या कामाला मात्र हलदू आणि शिवण उत्तम. हलदूचे लाकूड पिवळसर, दाट आणि एकसारख्या पोताचे, म्हणून त्याच्या फण्या होत. शिवण हलके, आणि हवा पालटली तरी फारसे वाकत नाही. सागाची रेषा बहुधा सरळ आणि टिकाऊपणाचे तर विचारूच नये: कार्ले-भाज्याच्या चैत्यगृहांतील लाकडी कमानी दोन हजार वर्षे तग धरून आहेत.

मग इतक्या जुन्या विद्येला ओहोटी का लागली? माझ्या मते त्याचे कारण हत्याराच्या इतिहासात आहे. कुऱ्हाड आणि पाचर ह्यांनी ओंडका फोडला, की तो आपल्याच रेषेने फुटतो. सुताराची इच्छा असो वा नसो, त्याला झाडाचे ऐकावेच लागते. 1880 ते 1882 ह्या काळात नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत पोहोचली, आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती रुंद केली. स्लीपरांसाठी रेल्वेला साल, साग, बीजा हवा होता. मध्य प्रांतातील वनाधिकारी कॅप्टन फॉरसाइथ ह्याने अशा बेसुमार तोडीबद्दल 1871 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आधीच तक्रार केली होती. जंगल घनफुटांत मोजले जाऊ लागले. यंत्राची करवत आली, आणि यंत्राला रेषेची पर्वा नसते. ओंडका वाकडा असला तरी फळी सरळ निघते. तंतू मात्र तिच्यात तिरपे तुटलेले असतात.

नक्षीची बारीक करवत तर त्याहून स्वतंत्र. फ्रान्समध्ये आंद्रे-शार्ल बूल (1642-1732) ह्या कारागिराने पितळ आणि कासवाची पाठ ह्यांचे पातळ पत्रे अशाच करवतीने कापून फर्निचर मढवले. एकोणिसाव्या शतकात पायाने चालवायची यंत्रे घरोघर पोहोचली, पुढे वीज आली. हे पाते कोणत्याही दिशेला वळते, लाकूड कुरकुर करीत नाही. म्हणूनच विचार कापण्याआधी करावा लागतो. प्लायवूडने ही अडचण बरीच दूर केली: त्यात पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे दोन्ही दिशांना बळ येते. आज तर भुशासारख्या तंतूंच्या दाबून केलेल्या फळ्या मिळतात. त्यांना रेषाच नाही. त्यांचे नंदीही बाजारात दिसतात, स्वस्त असतात, आणि मुलांचा आनंद त्याने कमी होत नाही, हे मी मान्य करतो.

पण रेषा न पाहता काम होऊ लागले, की झाडांची नावेही हळूहळू विसरतात. हलदू कोणता आणि शिवण कोणती, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ती रानातून नाहीशी झाल्याचेही कळणार नाही.

म्हणून घरातील मुलांना एक खेळ सुचवतो. सुताराकडून सागाच्या फळीचे दोन पातळ तुकडे मागून आणावेत, एक रेषेच्या लांबीने कापलेला, एक रेषेला आडवा. दोन्ही बोटांनी वाकवून पाहावेत. एक लवेल, दुसरा 'कट्' करून मोडेल. पुढल्या तान्ह्या पोळ्याला नंदी घेताना तीच मुले आधी त्याचे पाय पाहतील, आणि हे कोणत्या झाडाचे लाकूड, असे विचारतील.